हळदीची सुरी

वामन मिस्त्रीच्या हाताला पावणे गावात तोड नव्हती, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत. गावाची शेतं कारखान्यांच्या पट्ट्यात गेली तेव्हा बाकीचे वॉचमन झाले, हेल्पर झाले, कोणी गेटाबाहेर टपरी टाकून बसले. वामन मात्र साचे बनवणाऱ्या एका वर्कशॉपात शिरला आणि दहा वर्षांत डायमेकर झाला. अर्ध्या केसाचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. मापाचं यंत्र लावायचं ते साहेबाची खात्री पटावी म्हणून.

घडीच्या सुऱ्या करणं हा त्याचा रविवारचा नाद होता. जुन्या कानशीचं नाहीतर तुटक्या करवतीचं पातं, शिसवी मूठ आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी. पातं उघडलं की त्या पट्टीचा दात पात्याच्या खाचेत जाऊन बसायचा, टक् असा एकच आवाज यायचा, आणि मग पातं हलायचं नाव घ्यायचं नाही. “वामनची सुरी दगा नाय देत,” असं आसपासच्या चार गावांत म्हणत. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीनं गेली होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ह्या एका वाक्यावरच गडी जगत होता म्हटलं तरी चालेल. घरात धाकटा भाऊ नामा आणि नामाची बायको पुतळा, एवढीच माणसं.

१९७९च्या मार्चात नामाला मारलं. भर दुपारी, कारखान्याच्या गेटावर, शिफ्ट सुटताना. माल चढवायला गावची माणसं लावायची की सितारामशेठनं बाहेरून आणलेली, एवढाच वाद होता. सितारामशेठ म्हणजे गावातलाच माणूस, लेबर कॉन्ट्रॅक्ट घेऊन मोठा झालेला. त्याच्यासमोर सगळे मूग गिळून बसले आणि नामा तेवढा बोलला. शेठचा मुलगा बंडू जीपमधून उतरला तोच हातात सळई घेऊन. पहिला घाव कानशिलावर बसला. नामा गुडघ्यांवर आला, हात वर केला, तर दुसऱ्या घावात तो हात कोपरातून मोडला. त्यानंतरचे सगळे घाव डोक्यावर. नामा पालथा पडून हलायचा थांबला तरी बंडू थांबला नाही. दमला तेव्हा थांबला.

वामन आतल्या वर्कशॉपातून धावत आला तोवर सळई रस्त्यावर पडली होती आणि जीप निघून गेली होती. त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याची बोटं केसांतून आत गेली. कवटीचा तुटलेला काठ त्यांना लागला. अर्ध्या केसाचा फरक ओळखणारी ती बोटं तो काठ पुढे कधी विसरली नाहीत.

पन्नास जणांनी बघितलं होतं. कोर्टात एकानंही बघितलं नव्हतं. कोणी डबा धुवायला गेला होता, कोणी पाठमोरा उभा होता. वामनला वकिलानं विचारलं, “तुम्ही मारताना पाहिलंत?” एक हो म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण वामन पडला सरळ रेघेचा माणूस. “नाय,” म्हणाला. बंडू सुटला. त्याच्या गळ्यात हार घालून त्याच गेटावरून मिरवणूक नेली आणि पुतळा दाराची कडी लावून आत बसून राहिली. त्या दिवसापासून वामनला ह्या जगात एकच गोष्ट हवी होती. बंडूचा जीव नव्हे. सळई धरलेला तो उजवा हात.

तीन वर्षांनी तो हात आपणहून त्याच्या दारी चालत आला.

बंडूचं लग्न ठरलं. मुलगी सानपाड्याची, नंदिनी, बापाविना वाढलेली, आईची एकुलती एक. इकडच्या गावांत हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचून. नजर लागू नये, भूतबाधा होऊ नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडायची नसते. बाकी जग बाजारातून सुरी आणतं, पण सितारामशेठला वेगळी हवी होती. त्यानं वामनला बोलावून घेतलं.

“घडीची पायजे मिस्त्री. एकदम झक्कास. सगळी आगरी पट्टी बघत राहिली पायजे,” शेठ म्हणाला. “जुनं काय काढू नको. तुजा हात तो तुजा हात, माज्या पोराला दुसऱ्याचा चालनार नाय.”

खरी गोष्ट अशी की मेलेल्या नामाच्या भावानं बंडूची सुरी घडवावी, ह्यातच शेठला मोठेपणा वाटत होता. गाव किती वाकलंय ते त्याला बघायचं होतं. त्यानं एक डबा पुढे सरकवला. आत केमिकल कंपनीच्या भंगारातून आलेली टायटॅनियमची पट्टी होती, कोणा जहाजवाल्यानं आफ्रिकेतून आणलेला आबनुसाचा काळाकुट्ट तुकडा होता आणि आबुधाबीच्या भाच्यानं धाडलेला, उन्हात सात रंग दाखवणारा मोत्याचा शिंपला होता.

वामननं डबा उचलला. “पांढरं काय लागंल ते मी घालतो,” एवढंच बोलला.

पुतळाला कळलं तेव्हा तिनं चुलीवरचा तवा खाली आपटला. “दादा, त्याच्या हातात सुरी देनार तुमी? तुमच्या हातानं? लाज वाटत नाय?”

“थांब तू,” वामन म्हणाला.

थांबायला तिला जमलं नाही. दोन दिवसांनी भिंतीवरची माशाची सोंड बघून ती धावत वामनकडे आली. नामा पोरसवदा असताना त्याच्या जाळ्यात करवत्या मासा आला होता, हातभर लांबीची सोंड आणि दोन्ही बाजूंनी हस्तिदंतासारखे दात. ती सोंड नामानं भिंतीवर टांगली होती. आता तिचे चार दात जागेवर नव्हते.

“त्यांची वस्तू,” पुतळा रडत म्हणाली. “बंड्याच्या मुठीत त्यांचे दात घालताय तुमी?”

“त्याच्याच मुठीत जायाला पायजेत,” वामन म्हणाला. पुतळाला ते कळलं नाही, आणि वामननं कळू दिलं नाही.

सहा रविवार त्यानं त्या सुरीला दिले. पातं एका मोठ्या विलायती बेअरिंगच्या रिंगेतलं. तापवून सरळ केलं, ठोकलं, पाणी दिलं, मग दगडावर दिवस दिवस घासलं. टायटॅनियमच्या पट्टीला जाळ दाखवला तशी ती आधी सोनेरी, मग जांभळी, मग निळी झाली. निळ्यावर त्यानं जाळ काढून घेतला आणि ती मुठीच्या कडेनं बसवली. मुठीला आबनूस, आबनुसात शिंपल्याची पानं आणि मधोमध नामाच्या करवत्याचे दात, घासून सपाट केलेले. एवढी देखणी वस्तू वामनच्या हातून आधी कधी झाली नव्हती, आणि तसं त्याच्या मनातही येऊन गेलं. कारागीर कितीही दुःखात असो, आपल्या कामावर भाळतोच.

कपट होतं ते पाठीच्या पोलादी पट्टीत. दाताला त्यानं पाणी दिलंच नाही, मऊ ठेवला. पात्याची खाच काटकोनात घासायची, ती त्यानं जराशी उतरती घासली. किती जराशी? अर्धा केस. उघडताना टक् आवाज तसाच यायचा. लिंबू कापा, सुपारी कातरा, ओढून काहीही चिरा, पातं घट्ट, कारण ओढून कापताना ते उघडण्याकडेच रेटलं जातं. पण कोणी सुरी मुठीत धरून भोसकायला गेला, टोक हाडावर अडलं आणि मागून हाताचा जोर आला, की दात खाचेतून निसटणार. मग पातं मिटणार, आणि मिटताना मध्ये असणार ती मूठ धरलेली चार बोटं.

त्यानं खाटकाकडून बोकडाचा खांदा आणला. चामडी हातमोज्यात बोटांच्या जागी बांबूच्या चार कांड्या घातल्या, मोजा मुठीवर आवळून बांधला आणि सगळं शिकंज्यात धरून खांद्यावर हाणलं. हाडावर टोक अडलं. खट्. चारी कांड्या तुटून खाली पडल्या. वामननं त्या उचलून ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ बघत बसला.

त्याच्या मते हा अगदी चोख न्याय होता. फळं कापणाऱ्याला ही सुरी कधीच काही करणार नाही. माणसाच्या अंगात खुपसेल त्याचाच हात ती खाईल, आणि बंडू कधी ना कधी कोणाच्या तरी अंगात खुपसणारच. तेव्हा नामाचे दात त्याची बोटं तोडतील. वामनला ह्या विचारानं तीन वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली. साचा बनवताना तो धातूची प्रत्येक वाट आधी डोक्यात फिरवून बघायचा. पण हळदीनंतर ती सुरी जाते कुठं, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. तो बायकांचा कारभार. बायको असती तर तिनं सांगितलं असतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बंडू पिवळाधमक होऊन बसला होता, हातात सुरी, टोकाला लिंबू. बघायला झुंबड उडाली. शेठ मुद्दाम वामनला पुढे ओढून सांगत होता, “ह्यानी केली, ह्या हातानी!” पोटात दारू गेल्यावर बंडू नाचायला उठला. बेंजो वाजवणारा दिलीप म्हणून एक गरीब माणूस होता. त्यानं गाणं बदलायला वेळ लावला, एवढाच त्याचा गुन्हा. बंडूनं लिंबू उपटून फेकलं आणि सुरी त्याच्या तोंडावरून ओढली. कानापासून ओठापर्यंत गाल उघडला. आतली दाढ दिसली. दिलीप बेंजोवर कोसळला, तारांवर रक्ताचे थेंब पडून त्या आपोआप वाजल्या, आणि मांडवातले लोक, आता काय म्हणावं ह्या लोकांना, धारेचं कौतुक करायला लागले.

पातं जराही हललं नव्हतं. ओढून मारलं होतं ना. वामन मांडवामागून तसाच घरी निघाला.

घरी पुतळा म्हणाली, “चालली तुमची सुरी. मन भरलं?”

वामनचं मन भरलं नव्हतं, उलट आणखीच कडू झालं होतं. दिलीपच्या गालाचा हिशेबही आता त्यानं बंडूच्याच नावावर टाकला आणि वाट बघत राहिला. बंडू सुरी खिशात घालून फिरायचा, चहाच्या दुकानात टक् टक् वाजवून दाखवायचा. मारामाऱ्याही व्हायच्या, पण त्यात सळया आणि साखळ्या चालायच्या. रोज सकाळी वामन त्याचा उजवा हात बघायचा. पाचही बोटं जागच्या जागी.

दोन वर्षं अशी गेली. १९८४च्या पावसाळ्यानंतर नंदिनी पहिल्या बाळंतपणाला सानपाड्याला माहेरी आली. पुतळाचं माहेरही सानपाड्याचंच, नंदिनीच्या आईच्या, दुर्गाबाईच्या, दारासमोरचं. विधवा झाल्यापासून पुतळा बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम करायची. दुर्गाबाईनं तिला पदर पसरून बोलावलं. वैऱ्याची बायको खरी, पण पोर तर आपल्या गावची, म्हणून पुतळा गेली. मुलगी झाली. सहाव्या दिवशी पुतळा लुगडी न्यायला पावण्याला आली ती तोंड पाडून.

“दादा, त्या पोरीच्या अंगावर हात ठेवाला जागा नाय,” ती म्हणाली. “पाठीवर पट्ट्याचे वळ, मांडीवर चटके. पोट असताना मारलंय त्यानी. आता मुलगी जाली म्हनून निरोप धाडलाय, येतो आनि दोघींना खाडीत टाकतो.”

“पोलिसात जा म्हनावं.”

“कोन जातंय! पन पोर घाबरट नाय. मला उशी उचलून दाखवली. म्हनते, मावशी, आला तर यीच घालीन त्याच्या छातीत.” पुतळानं डोळे पुसले. “तुमचीच सुरी हाय दादा. हळदीची.”

वामनच्या हातातला चहा तसाच राहिला. “तिच्याकडं कशी?”

“कशी म्हन्जे? हळदीची सुरी पयल्या बाळंतपनाला बायकोच्या उशाखाली ठेवतात, बाळाला काय बाधू नये म्हनून. तुमाला ठावं नाय? सासूनी त्याच्या खिशातून काडून दिली तिला. पोर म्हनते, वामन मिस्त्रीची सुरी हाय, दगा नाय देनार.”

वामन उठला, परत बसला. त्याच्या डोळ्यांसमोर बांबूच्या त्या चार कांड्या आल्या, ओळीनं मांडलेल्या. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पुतळे, त्या सुरीत दगा आहे, आजच्या आज ती काढून घे. पण ते सांगायचं म्हणजे आपण काय केलं तेही सांगायचं. ज्या नावावर जगलो ते नाव आपल्याच तोंडानं मातीत घालायचं, आणि बंडूचा हात कायमचा सोडून द्यायचा. जीभ रेटेना. माणूस भित्रा होता असं नाही. पण आपल्या कामात खोट आहे हे सांगणं त्याला मरणापेक्षा जड गेलं.

“पुतळे,” तो म्हणाला, “ती सुरी घेऊन ये. धार लावून देतो.”

पुतळा दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं आली. दुर्गाबाईनं सुरी दिली नव्हती. सोयर फिटेपर्यंत, म्हणजे बारा दिवस, बाळंतिणीच्या उशाखालचं लोखंड हलवायचं नसतं. हललं तर मूल जातं. दुर्गाबाईची आधीची दोन मुलं अशीच गेली होती, ती कसली ऐकते! वर तिचा निरोप होता, “मिस्तरींना सांग, धार हाय तशी बरी हाय. बाराव्याला देते.”

तेव्हाही वामनला सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यानं दात पुन्हा बनवायला घेतला. नवी पट्टी कापली, दाताला नीट पाणी दिलं आणि ती कापडात गुंडाळून खिशात ठेवली. बाराव्या दिवशी बारशाला जायचं, धार लावायच्या निमित्तानं सुरी मागायची, पट्टी बदलायची. कुणाला काही कळायचं कारण नाही. पाचच दिवसांचा प्रश्न आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दहाव्या दिवशी दुपारी दुर्गाबाई रेशनच्या रांगेत होती आणि पुतळा ओढ्यावर बाळाची दुपटी धूत होती. त्या वेळात बंडूची जीप सानपाड्यात येऊन गेली. घरात काय झालं हे बघणारं एकच माणूस होतं आणि ते दहा दिवसांचं होतं. पुतळा परतली तेव्हा ते किंचाळत होतं. नंदिनी खाटेखाली पडली होती, गळा एका कानाखालून दुसऱ्या कानाखालपर्यंत चिरलेला, हाताशी उघडी सुरी.

“सगळं रगात,” पुतळा वामनला सांगत होती. “उजव्या हाताची चारी बोटं तुटून लोंबत होती. हाडापासून तुटलेली. सांगा दादा, गळा कापनाऱ्यानी बोटं का तोडली तिची?”

वामनला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला सगळं दिसलं. बंडूनं बाळाकडे हात घातला असेल. पोरीनं उशीखालून सुरी काढली असेल, टक् असा भरवशाचा आवाज आला असेल. तिनं सगळ्या जोरानिशी त्याच्या छातीत घातली असेल. छातीच्या मधल्या हाडावर टोक अडलं. खट्. मग तिची किंकाळी. खाली पडलेली सुरी बंडूनं उचलून पुन्हा उघडली आणि तिच्या गळ्यावरून ओढली. ओढून कापताना पातं घट्ट राहतं. वामननंच तसं ठेवलं होतं.

त्यानं खिशातली नवी पट्टी काढली आणि तोंड दाबून गुरासारखा ओरडला.

खटला ठाण्याच्या कोर्टात पुढल्या वर्षी उभा राहिला. बंडूच्या बाजूचं म्हणणं साधं होतं. बाळंतपणानं बाईचं डोकं फिरलं, तिनं स्वतःचा गळा कापून घेतला. आपण आलो तेव्हा ती भ्रमिष्टासारखी बोलत होती, घाबरून परत गेलो. बोटं? पातं धरलं असेल वेडात. छातीवर खरचटलं होतं ते जीपचं बॉनेट लागून. ह्याही वेळी बघणारा साक्षीदार नव्हता. सुरी कोणी बनवली एवढं सांगण्यापुरतं वामनला पिंजऱ्यात बोलावलं.

आरोपीचा वकील गोड बोलणारा होता. “मिस्त्री, तुमचं नाव फार ऐकलंय. तुमची सुरी दगा देत नाही म्हणतात. खरं ना?”

“म्हनतात,” वामन म्हणाला.

“म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटत नाही. बोटांवर तर नाहीच. बरोबर?”

समोर बंडू बसला होता, बोटांनी गुडघ्यावर ताल धरून. बाकावर दुर्गाबाई होती, मांडीवर नात. पुतळा होती. सितारामशेठ होता. गावातले निम्मे लोक होते, सहा वर्षांपूर्वी काहीच न बघितलेले. वामनला कळलं की हो म्हटलं तर आपलं नाव राहतं आणि बंडू सुटतो. दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्यांदाही आपल्याच तोंडानं.

“बाकीच्या सुऱ्यांचं बरोबर हाय,” तो म्हणाला. “ह्या सुरीचं नाय.”

“काय?”

“यी मी खोटी केली. जानूनबुजून. त्याच्यासाठी.” त्यानं बंडूकडे बोट केलं. “माज्या भावाला मारलं त्या हाताची बोटं तोडाला.”

एकच गलका झाला. वकील ओरडला की हा सूड घेतोय, कहाणी रचतोय. वामनच्या समोर ओळख पटवायला ठेवलेली सुरी होती. शिपायाच्या लक्षात यायच्या आत त्यानं ती उचलली. टक्. निळी पट्टी आणि शिंपल्याची पानं चमकली. चार दात तळव्याला लागले.

“बगा सायब,” तो म्हणाला, आणि पिंजऱ्याच्या सागवानी कठड्यावर त्यानं ती सगळ्या ताकदीनं खुपसली.

खट्.

चार बोटांतली दोन पिंजऱ्यात पडली, दोन कातडीवर लटकली. रक्त समोरच्या कागदांवर उडालं. वामन कठड्याला धरून उभा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज ऐकू जात होता.

“तिनी भोसकलं, तवा बोटं गेली. त्याच्या छातीवर वण हाय, बगा.” त्यानं उजवा हात वर धरला. “आता ह्या हातानी मला सुरी धरता येते का बगा सायब. नाय येत. मग तिनी गळा कसा कापला?”

गुडघ्यावरचा ताल थांबला होता.

बंडूला जन्मठेप झाली. वामनवरही खोट्या सुरीबद्दल काही गुन्हा लागतो का, ह्याची वकिलांत चर्चा झाली आणि विरली. वर्कशॉपात त्याला हलक्या कामावर घेतलं, मग तेही राहिलं. गावात कोणी म्हणालं वामननं मर्दासारखं केलं, कोणी म्हणालं त्याची सुरी आता फुकट दिली तरी नको. दोन्ही त्याच्या कानांवर येत होतं आणि दोन्हीचं त्याला काही वाटत नव्हतं.

हाताची जखम भरल्यावर एका सकाळी तो सानपाड्याला गेला. दुर्गाबाई ओट्यावर बसून नातीला भात भरवत होती. त्याला बघून तिनं बस म्हटलं नाही. वामन अंगणातच उभा राहिला.

“माफ करा म्हनाला तोंड नाय मला,” तो म्हणाला. “पन त्याला सजा जाली.”

दुर्गाबाईनं घास मळला आणि पोरीच्या तोंडात दिला.

“तू पुतळाला धाडलंस, सुरी मागाला,” ती म्हणाली. आजवर ती त्याला तुमी म्हणायची. “सातव्या दिवशी. तवा तुला ठावं होतं.”

“होतं.”

“धार लावाला पायजे म्हनालास.”

वामननं मान हलवली.

“मी सोयराला भ्यायले. माजी दोन पोरं गेली, नात पन जाईल म्हनून उशीला हात लावला नाय. पन तू खरं सांगितलं असतंस ना मिस्तरी,” दुर्गाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला, “तर सोयर, देव, सगळं मी पायाखाली घातलं असतं आनि माज्या हातानी ती काडली असती. तुजी बोटं आता गेली काय आनि राहिली काय. माजी पोर एका खऱ्या शब्दासाठी मेली.”

पोरगी आजीच्या मांडीवरून वाकली आणि वामनच्या हाताच्या खुंटांकडे बघून हसली. दुर्गाबाईनं तिचं तोंड पुसलं, तिला उचललं आणि आत नेलं.